विश्लेषण : संगणक-मोबाइलमुळे डोळे खरेच 'जातात' का? धोका कुठे आणि उपाय कुठे?

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून झाला, फ्रेम पसंत पडली, की काउंटरवरचा पुढचा प्रश्न आता ठरलेला असतो : 'संगणकावर काम करता ना? मग ब्लू कट काचा टाकू या?' बिल थोडे वाढते, पण डोळ्यांची काळजी घेतल्याचे समाधान मिळते. याच वेळी त्या घरातले सहा-सात वर्षांचे मूल शाळा, क्लास आणि सोसायटीतला बंद फ्लॅट यांच्यात आठवडा काढत असते आणि त्याच्या डोळ्यांचा विचार फक्त 'मोबाइल ठेव' या ओरड्यापुरता होतो. गेल्या दोन दशकांतील संशोधन पाहिले तर हा प्रकार 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असा आहे. संगणकामुळे मोठ्या माणसांचे डोळे थकतात. त्यातून दृष्टी जात नाही. लहान मुलांच्या डोळ्यांत मात्र कायमचा बदल घडतो आहे आणि त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाही.

स्क्रीनसमोर डोळे का थकतात?

पहिले कारण पापणी. गप्पा मारताना किंवा चालताना माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण पाच ते सातपर्यंत खाली येते. शिवाय अनेकदा पापणी पुरती मिटत नाही, अर्ध्यावरूनच परत फिरते. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यात पाण्याबरोबर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारे तेलही असते. हे तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही. पापणी मिटते तेव्हाच ते सगळीकडे पसरते. पापणी लवली नाही, की हा थर जागोजागी तुटतो, डोळे चुरचुरतात, खुपतात. मग कोरडेपणाच्या त्रासावर शरीराची प्रतिक्रिया म्हणून डोळ्यांतून पाणी वाहते. 'डोळ्यांतून पाणी येते, मग डोळे कोरडे कसे?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. वरून गरगरणारा पंखा किंवा थेट चेहऱ्यावर येणारा एसीचा झोत यात भर घालतो.

दुसरे कारण अंतर. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील स्नायूंना नेत्रभिंगाचा आकार बदलावा लागतो आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवावे लागतात. वस्तू जितकी जवळ, तितके हे श्रम अधिक. हे श्रम डायॉप्टर या एककात मोजतात. ६० सेंटिमीटरवरच्या संगणकासाठी ते सुमारे १.७ डायॉप्टर भरतात, ३३ सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी तीन आणि अंथरुणात पडून २० सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी पाच. म्हणजे कार्यालयातल्या संगणकापेक्षा रात्री उशीवरचा मोबाइल डोळ्यांना जवळजवळ तिप्पट कामाला लावतो.

तिसरे कारण नंबर. एरवी खपून जाणारा अर्ध्या-पाव नंबराचा दोष आठ तास स्क्रीन पाहताना डोकेदुखी होऊन बसतो. वाचनाच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' हेच नाव पडले, कारण त्या वयाच्या सुमारास भिंगाची लवचिकता कमी होते. अशा वेळी प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा लावून संगणक पाहणारे अनेक जण काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसतात. संध्याकाळी त्यांची मान धरते आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो.

हा थकवा कायमचे नुकसान करतो का?

दिवसभर जिने चढून पाय दुखले म्हणून पाय निकामी होत नाहीत. प्रौढांच्या डोळ्यांच्या थकव्याचेही तसेच आहे. संगणक पाहिल्याने मोतीबिंदू किंवा काचबिंदू होतो, दृष्टिपटल जळते किंवा अंधत्व येते, असा पुरावा नाही. विश्रांती, योग्य नंबर आणि बसण्यातला बदल यांनी बहुतेकांचा त्रास उतरतो.

याचा अर्थ हा त्रास क्षुल्लक आहे, असा नव्हे. डोळ्यांचा कोरडेपणा वर्षानुवर्षे राहिला तर तो उपचार लागणारा आजार होतो. विशीतल्या काही तरुणांचा उणे नंबर अभ्यास आणि जवळच्या कामाच्या वर्षांत वाढत राहतो. ज्याच्या पोटापाण्याचे साधनच स्क्रीन आहे, त्याच्या दृष्टीने रोजची डोकेदुखी हा कामाच्या ठिकाणचा आरोग्याचा प्रश्न आहे. पण 'त्रास होतो' आणि 'डोळे जातात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजाराला त्यांची गल्लत सोयीची आहे.

मग निळ्या प्रकाशाचे काय?

'कोक्रेन' ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी जागतिक संस्था आहे. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला तिचा आढावा ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा देशांतील १७ चाचण्या तपासल्या होत्या. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचा आणि साध्या काचा यांची तुलना करता, संगणक वापरातून येणाऱ्या थकव्यात या चष्म्यांनी बहुधा काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. या चाचण्या छोट्या आणि जास्तीत जास्त काही आठवड्यांच्या होत्या. त्यामुळे दृष्टिपटलाचे दीर्घकाळ संरक्षण होते, या दाव्यालाही त्यांतून आधार मिळाला नाही. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना 'अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'ही संगणकासाठी अशा चष्म्याची शिफारस करत नाही.

यामागचे गणित साधे आहे. निळा प्रकाश सर्वाधिक येतो तो आकाशातून. स्क्रीनमधून डोळ्यांत शिरणारा निळा प्रकाश दिवसाउजेडी बाहेर मिळणाऱ्या प्रकाशाच्या साधारण हजाराव्या भागाइतका असतो. प्रयोगशाळेत पेशींवर तीव्र निळा प्रकाश सोडला तर त्यांना इजा होते, हे खरे. पण मोबाइलचा पडदा म्हणजे ती प्रयोगशाळा नव्हे.

झोपेचा मुद्दा मात्र वेगळा आहे. रात्रीचा उजेड, विशेषतः निळसर उजेड, शरीराला 'अजून दिवस आहे' असा निरोप देतो आणि झोप लांबते. त्यावरचा उपाय फोन बाजूला ठेवणे हा आहे. रात्री एकपर्यंत रील्स पाहणाऱ्याला फक्त उजेडच जागवत नाही, रील्सही जागवतात.

ब्रिटनमध्ये चष्म्यांच्या एका मोठ्या साखळीने निळ्या प्रकाशापासून संरक्षण देणाऱ्या काचांची जाहिरात केली. ती दिशाभूल करणारी ठरवून तेथील व्यवसाय नियामकाने २०१७ मध्ये त्या साखळीला ४० हजार पौंडांचा दंड केला. आपल्याकडे तसाच दावा दुकानाच्या काउंटरवर, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि आता लहान मुलांच्या चष्म्यांवरही बिनदिक्कत केला जातो. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. ती येथे वापरण्यास हरकत नसावी.

ही भीती नवी आहे का?

अजिबात नाही. १९८०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतील कार्यालयांत जाड काचेचे मॉनिटर आले, तेव्हा त्यांतून निघणाऱ्या किरणांनी डोळे जातील, गर्भपात होतील, अशी भीती पसरली. अमेरिकेतील सरकारी संस्थेने दूरध्वनी कर्मचारी महिलांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मॉनिटरमुळे गर्भपाताचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. भारतातही नव्वदच्या दशकात अनेक कार्यालयांतील आणि संगणक वर्गांतील मॉनिटरपुढे काळपट काच टांगलेली असे. चकाकी कमी करण्यासाठी ती उपयोगी होती. विकली मात्र 'रेडिएशन'पासूनचे कवच म्हणून जाई.

तेव्हा किरण होते, आता निळा प्रकाश आहे. पडद्यातून काहीतरी बाहेर येते, ही भीती विकता येते. पडद्यासमोर बसून डोळा काय करतो, हे विकता येत नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये संगणकावर काम करणाऱ्यांसाठी जे निर्देश काढले, त्यांत भर होता तो दुसऱ्या गोष्टीवर. कामात ठरावीक खंड, कर्मचाऱ्याच्या डोळ्यांची तपासणी आणि गरज असेल तर त्या कामासाठीचा चष्मा, ही जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. पुण्या-मुंबईतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, कॉल सेंटर आणि बँका यांच्यासाठी हा नमुना तीन दशकांपासून तयार आहे.

खरा धोका कोणाला?

वाढत्या वयातील मुलांना. जन्मतः डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. वाढत वाढत ती साधारण २३-२४ मिलिमीटरवर थांबायला हवी. काही मुलांत ती थांबत नाही. डोळा लांबत जातो, दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि फळा धूसर दिसू लागतो. हाच मायोपिया, म्हणजे निकटदृष्टिदोष. बोलीत 'उणे नंबर'. एक मिलिमीटर जास्तीच्या लांबीला साधारण अडीच ते तीन नंबर लागतो.

लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, हे लक्षात घेण्याची गरज आहे. चष्मा प्रतिमा जागेवर आणतो, लॅसिक शस्त्रक्रिया पारपटलाचा आकार बदलते. डोळा आतून तेवढाच ताणलेला राहतो. नंबर उणे सहाच्या पुढे गेला, की ताणलेले दृष्टिपटल सुटण्याचा, त्याचा मध्यभाग झिजण्याचा आणि काचबिंदूचा धोका बराच वाढतो. हे धोके सातव्या वर्षी दिसत नाहीत, चाळिशी-पन्नाशीत दिसतात. जेवढ्या लहान वयात नंबर लागतो, तेवढी वाढीला वर्षे अधिक मिळतात. म्हणून पहिली-दुसरीत लागणारा चष्मा आणि कॉलेजात लागणारा चष्मा यांत मोठा फरक आहे.

ब्रायन होल्डन व्हिजन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकसंख्येला मायोपिया असेल. भारतात प्रमाण पूर्व आशियापेक्षा कमी आहे, पण चढते आहे. दिल्लीतील शाळांमध्ये 'एम्स'च्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना हा दोष आढळला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या संशोधकांनी आधीच्या पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये अंदाज मांडला. त्यानुसार ५ ते १५ वर्षांच्या शहरी मुलांतील प्रमाण १९९९ मध्ये ४.४४ टक्के होते, ते २०१९ मध्ये २१.१५ टक्के झाले आणि हाच वेग राहिला तर २०५० मध्ये ४८ टक्क्यांवर जाईल.

दोष मोबाइलचा, की छपराचा?

करोनाकाळात चीनच्या शांदोंग प्रांतातील फेइचेंग शहरात शाळा उघडल्यावर मुलांचे डोळे तपासले गेले. त्याआधीच्या पाच वर्षांत सहा वर्षांच्या मुलांतील मायोपियाचे प्रमाण ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. २०२० मध्ये ते २१.५ टक्के निघाले. ही तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब न घालता झाली होती, त्यामुळे नेमका आकडा थोडा खाली-वर असू शकतो. पण उडी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ऑनलाइन वर्ग भरत होते, म्हणून सगळे खापर स्क्रीनवर फुटले. पण मुलांच्या आयुष्यात त्या वेळी दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या : स्क्रीन आली आणि अंगण गेले.

यांतील कोणती गोष्ट अधिक महत्त्वाची, याचे उत्तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सापडते. सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांतील चिनी वंशाची सहा-सात वर्षांची मुले तपासली गेली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना मायोपिया होता. सिडनीत फक्त ३.३ टक्के. पालकांच्या डोळ्यांच्या नंबरातून हा फरक स्पष्ट होत नव्हता. सिडनीची मुले पुस्तके जास्त वाचत होती, जवळचे कामही जास्त करत होती. ठळक फरक होता तो एकच : सिडनीची मुले आठवड्याला १३.७५ तास घराबाहेर असत, सिंगापूरची ३.०५ तास.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. सिंगापूरने राष्ट्रीय मायोपिया प्रतिबंध कार्यक्रम सुरू केला तो २००१ मध्ये. तेव्हा आजचा स्मार्टफोन जन्मालाही आला नव्हता. तेथील मुलांचे डोळे लांबत होते ते वह्या-पुस्तके, शिकवण्या आणि चार भिंतींतल्या बालपणामुळे.

यातून मोबाइल निर्दोष सुटत नाही. तो डोळ्याच्या अगदी जवळ धरला जातो आणि मुलाला घरात बसवून ठेवतो. दोन्ही अपाय एकाच वस्तूत येतात. पण मोबाइल हिसकावून घेतला आणि त्याच वेळात मुलाला क्लासला पाठवले, तर डोळ्यांच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. ट्यूबलाइटखाली स्कॉलरशिपचे गणित सोडवणाऱ्या डोळ्यालाही उन्हाचा उजेड तेवढाच पारखा असतो. 'अभ्यासाने डोळे बिघडले तर चालतील, मोबाइलने नकोत' असा भेद पालक करतात, डोळा करत नाही.

उजेड नेमके काय करतो?

चांगल्या उजेडाच्या वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारो लक्स असतो आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली आणि दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेतात. प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दिसते, की तीव्र उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते. शिवाय बाहेर नजर दूरवर पोचते.

म्हणजे मुलाने तिथे क्रिकेटच खेळले पाहिजे, असे नाही. झाडाखाली गोष्टी ऐकणारे, गोट्या खेळणारे किंवा नुसते हुंदडणारे मूलही डोळ्यांसाठी तेच कमावते. टोपी चालते, सावली चालते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी मुलांना उन्हात उभे करण्याची गरज नाही. सकाळ आणि संध्याकाळ आहेच.

इतर देशांनी काय केले?

चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळा निवडून निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला गेला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना नव्याने मायोपिया झाला होता. इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. रोजच्या एका तासिकेने पडलेला हा फरक आहे. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

तैवानमधील प्रयोग तर आणखी सोपा होता. एका शाळेत मधल्या सुट्ट्यांमध्ये वर्ग रिकामे करून सर्व मुलांना बाहेर काढले जाई. जवळच्या दुसऱ्या शाळेत नेहमीचे वेळापत्रक चालू राहिले. वर्षभरात पहिल्या शाळेत ८.४१ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, दुसरीत १७.६५ टक्के. तैवानने २०१० पासून प्राथमिक शाळांतील मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचे धोरण देशभर राबवले. त्याआधी दशकभर वाढतच गेलेले अधू नजरेच्या मुलांचे प्रमाण २०१२ मधील ४९.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले. घट लहान आहे, पण चढती रेघ वळली, हे महत्त्वाचे.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. बाहेरच्या उजेडाचा उपयोग मायोपिया सुरू होण्यापासून रोखण्यात अधिक दिसतो. एकदा नंबर लागल्यावर त्याची वाढ थोपवण्यात तो तितका ठळक नाही. नंबर वेगाने वाढत असेल, तर अल्प प्रमाणातील अ‍ॅट्रोपिनचे थेंब किंवा खास काचा असे उपाय आहेत, पण ते नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. म्हणून पटांगणाचे खरे हक्कदार बालवाडी ते चौथीतील मुले आहेत.

महाराष्ट्रात काय करता येईल?

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. कारण होते मुलांची अपुरी झोप. आरोग्यासाठी शाळेचे घड्याळ बदलता येते, हे त्यातून सिद्ध झाले. आता त्याच घड्याळात उजेडाचा वाटा ठरवता येईल. परिपाठ पटांगणात व्हावा. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असावा. पी.टी.चा तास गणिताच्या उजळणीसाठी उसना घेण्याची प्रथा बंद व्हावी. पाढे, कविता, परिसर अभ्यास, चित्रकला यांतले काहीतरी रोज झाडाखाली व्हावे. जिल्हा परिषदेच्या शाळांना यासाठी निधीही लागणार नाही. पटांगण ही त्यांची श्रीमंती आहे. पावसाळ्यात उघड्या पडवीतही वर्गापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

अडचण शहरांत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात इमारतीच्या तळमजल्यावरचे पार्किंग हेच अनेक शाळांचे मैदान असते. विकास आराखड्यातील मैदानाचे आरक्षण बदलले जाते, तेव्हा चर्चा क्रीडाक्षेत्राच्या हानीची होते. ती मुलांच्या दृष्टीच्या हानीचीही व्हायला हवी. सोसायटीच्या आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावणाऱ्या कार्यकारिणीनेही आपण नेमके काय मना करतो आहोत, याचा विचार करावा.

दुसरे काम तपासणीचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होते आणि राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्म्यांची सोय आहे. पण मूल स्वतःहून तक्रार करत नाही. सगळ्यांना जग असेच धूसर दिसते, अशी त्याची समजूत असते. फळ्यावरचे न लिहिता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसणारे, डोळे बारीक करून पाहणारे मूल 'आळशी' किंवा 'ढ' ठरण्याआधी त्याचे डोळे तपासले गेले पाहिजेत. चष्मा लावला की नंबर वाढतो, हा समज चुकीचा आहे. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नात अडचण येईल, या विचाराने तो न लावणे तर तिच्या शिक्षणावरच घाव घालणे आहे.

मोठ्यांनी काय करावे?

उपाय फुकटचे आणि कंटाळवाणे आहेत, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. स्क्रीन हातभर अंतरावर असावी आणि तिची वरची कड नजरेच्या किंचित खाली यावी; खाली पाहताना पापण्या थोड्या मिटलेल्या राहतात आणि डोळा कमी सुकतो. खिडकी पाठीमागे किंवा समोर नसून बाजूला असावी. अक्षरे मोठी करण्यात कमीपणा नाही. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा नियम प्रसिद्ध आहे. त्यामागचा पुरावा तोकडा असला तरी त्याने नजर दूर जाते आणि पापणी लवते, एवढा लाभ पुरेसा आहे. नंबर काढताना संगणक किती अंतरावर असतो, ते मोजून सांगावे.

'डोळे थकले' या नावाखाली काय लपते?

सगळे खापर स्क्रीनवर फोडण्याचा सर्वांत मोठा तोटा येथे आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेहाने दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या खराब होतात, पण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काचबिंदूही बहुधा गुपचूप येतो. बाजूची नजर आक्रसत जाते आणि समोरचे मात्र स्पष्ट दिसत राहते. अशा माणसाला धूसर दिसू लागले, की तो म्हणतो, 'संगणकाने डोळे गेले', नवा चष्मा घेतो, ब्लू कट काचा टाकतो आणि डोळे तपासल्याचे समाधान मानतो. नंबर काढणे आणि डोळे तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि दृष्टिपटल ठरावीक काळाने, तर मधुमेहींनी दरवर्षी तपासून घ्यायला हवे.

लाल डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब हा आणखी एक धोका. त्यांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत आराम पडतो. मात्र महिनोन्महिने वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. संगणकाने न केलेले नुकसान हे थेंब करतात. डोळ्यांपुढे अचानक वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके वाढणे, पडदा आल्यासारखे वाटणे, एका डोळ्याने कमी दिसणे किंवा तीव्र वेदना होणे ही थकव्याची लक्षणे नाहीत. त्या दिवशीच नेत्रतज्ज्ञ गाठायला हवा.

जबाबदारी कोणाची?

निळ्या काचांचा चष्मा ही खासगी खरेदी आहे. ज्याला परवडते तो घेतो आणि प्रश्न संपल्यासारखा वाटतो. मैदान, परिपाठ, शाळेतली तपासणी, कार्यालयातील कामाचे खंड या सार्वजनिक गोष्टी आहेत. त्या मागाव्या लागतात, मिळाल्यावर राखाव्या लागतात. पालक सभेत गृहपाठाबद्दल आणि शुल्काबद्दल प्रश्न विचारले जातात. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालता येईल : आमचे मूल शाळेच्या वेळेत रोज किती मिनिटे उघड्या आकाशाखाली असते? ज्या शाळेकडे या प्रश्नाचे उत्तर मिनिटांत असेल, तिथल्या मुलांच्या डोळ्यांची काळजी आधीच घेतली जात आहे.